द्राक्षावरच्या डावणी रोगाचं औषध भुरी रोगावर चाललं नाही म्हणून फेकून देतो का?

पत्र: मॅडम, मी इंदिरानगरला राहते, माहेर निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग. वडील (आण्णा) ६९ वर्षांचे, शुगर १४ वर्षांपासून, विडी सोडून सहा वर्षं झाली. यंदा जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला, नाशिकला नऊ दिवस ऍडमिट होते, त्यातले तीन आयसीयूत. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस लिहून दिलीय, पण आता सप्टेंबर आला तरी घेतलेली नाही. भाऊ म्हणतो एकदा होऊन गेला की परत होत नाही, आणि त्याने नेटवर वाचलंय की ८४ हजार म्हाताऱ्यांवर ट्रायल झाली, मृत्यू काही कमी झाले नाहीत, लस फेल आहे, कंपन्यांचा धंदा आहे. मेडिकलवाला म्हणतो दोन प्रकारच्या येतात, कोणती हवी. आण्णा म्हणतात छाटणी तोंडावर आलीय, मला कुठे नेऊ नका. मी लग्न होऊन गेलेली मुलगी, किती बोलणार? लस खरंच कामाची आहे का?

उत्तर:

अगं, वयाने माझ्या मुलीएवढी आहेस म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नकोस. आधी तुझ्या भावाची बाजू घेते, कारण तो खोटं बोलत नाहीये. त्याने वाचलेली ट्रायल खरी आहे, आकडा बरोबर आहे, आणि मृत्यू कमी दिसले नाहीत हे पण बरोबर आहे. फक्त त्याने पानाचा खालचा अर्धा भाग वाचलाय असं वाटतं, वरचा राहिला.

ती ट्रायल नेदरलँडमधली, नाव कॅपिटा, २०१५ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. ६५ च्या पुढची ८४,४९६ माणसं, निम्म्यांना न्यूमोनियाच्या एका जंतूच्या १३ प्रकारांवरची लस, निम्म्यांना नुसतं पाणी म्हण, आणि साधारण चार वर्षं लक्ष ठेवलं. पैसे लस बनवणाऱ्या कंपनीनेच दिले होते, म्हणजे भावाला संशय येतो तो अगदीच उगाच नाही, पण त्याच कंपनीच्या पैशाच्या पेपरमध्ये मृत्यूत फरक नाही हेही छापलंय, लपवलेलं नाही. आता वरचा अर्धा भाग. लशीत जे १३ प्रकार आहेत त्यांच्यामुळे झालेला न्यूमोनिया पाणीवाल्या गटात ९० जणांना आणि लसवाल्या गटात ४९ जणांना, म्हणजे ४५ टक्क्यांच्या आसपास कमी. आणि त्यातला जो सगळ्यात वाईट प्रकार, जंतू फुफ्फुसातून रक्तात उतरतो किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत जातो, तो २८ विरुद्ध ७, म्हणजे ७५ टक्के कमी. ही फेल झालेली लस वाटते का तुला?

मग मृत्यू का नाही कमी झाले. चार वर्षांत त्या म्हाताऱ्यांपैकी दोन्ही गटांत साधारण तीन-तीन हजार माणसं गेली, हार्टने, कॅन्सरने, पडून, वयाने, कशाकशाने. त्या ढिगात या एका जंतूने गेलेली माणसं इतकी थोडी की ती वाचली काय नाही वाचली काय, ढिगाच्या उंचीत फरक दिसणार नाही. आणि कुठल्याही कारणाचा न्यूमोनिया धरला तर ७८७ विरुद्ध ७४७, हा फरक योगायोगाने पण येऊ शकतो असंच शास्त्र म्हणतं, म्हणून लस सगळ्या न्यूमोनियावर चालते असं कुणी म्हणू नये. पण गंमत बघ, ९० मधून ४९ गेले की ४१ उरतात आणि ७८७ मधून ७४७ गेले की ४०. जेवढं या जंतूचं कमी झालं जवळपास तेवढंच एकूणात कमी दिसतंय. मला हे आकडे पहिल्यांदा शेजारी शेजारी दिसले तेव्हा मी चहा गार करून बसले होते.

भावाला हे आकडे सांगू नकोस, तो बागायतदार आहे ना, त्याला बागेतलंच विचार. डावणीसाठी फवारलं आणि घडावर भुरी आली तर औषध फेल म्हणतोस का? नाही म्हणणार, म्हणेल भुरीचं औषध वेगळं. बस, तेच. न्यूमोनिया हे बागेवरच्या रोगासारखं ढोबळ नाव झालं, व्हायरसने होतो, दहाएक तऱ्हेच्या जंतूंनी होतो, ही लस त्यातल्या एका जंतूवरची आहे. पण तो एक जंतू म्हणजे न्यूमोकोकस, मोठ्या माणसांच्या न्यूमोनियात सापडणाऱ्या बॅक्टेरियांमध्ये हा कायम पुढच्या रांगेत, आणि शुगरवाल्या, विडी ओढलेल्या, फुफ्फुसाचा-किडनीचा त्रास असलेल्या माणसाला तो जास्त धरतो. आण्णा त्या यादीत दोन-तीन ठिकाणी बसतात.

आता खरं खरं, आकडा छोटा आहे हे पण सांगते, नाहीतर मी पण जाहिरातवालीच झाले. वरच्या हिशेबाने हजारेक म्हाताऱ्यांना टोचलं तेव्हा चार वर्षांत एकाचा या प्रकारातला न्यूमोनिया टळला. हे ऐकून भाऊ म्हणेल बघ. पण ते नेदरलँडचे बऱ्यापैकी धडधाकट म्हातारे होते, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना घेतलंच नव्हतं, तिथली लहान मुलं २००६ पासून लस घेत होती त्यामुळे जंतू आधीच कमी फिरत होता, आणि मोजले फक्त तेच जे हॉस्पिटलला पोचले आणि तपासणीत पक्के निघाले. नंतर त्याच ट्रायलचे आकडे पुन्हा चाळले तेव्हा डायबेटिसवाल्यांमध्ये फायदा जास्त दिसला, हे मागाहून काढलेलं गणित आहे म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही, पण आण्णांसारख्यांच्या बाजूने झुकणारं आहे एवढं खरं. जानेवारीत आयसीयूत तीन दिवस काढलेला माणूस हा हजारातला सरासरी माणूस नसतो.

एकदा झाला की परत होत नाही, हे मात्र चूक, आणि ही चूक भावाची एकट्याची नाही, ओपीडीत रोज ऐकते. गोवर-कांजण्यांचं ऐकून आपण सगळ्या रोगांना तोच नियम लावतो. या जंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं बुळबुळीत आवरण असतं, तेल लावलेला पैलवान कसा हातात येत नाही तसा तो आपल्या पांढऱ्या पेशींच्या हातातून सटकतो. शरीराने त्या आवरणाला चिकटणारी अँटीबॉडी बनवली की मग पकड मिळते. पण अशी आवरणं शंभराच्या वर प्रकारची आहेत, एकाची पकड दुसऱ्याला चालतेच असं नाही. आण्णांना जानेवारीत एका प्रकाराने गाठलं असेल (तो हाच जंतू असेल तर, ते बहुतेक वेळा कळतच नाही), बाकीचे शंभर मोकळेच आहेत. उलट एकदा न्यूमोनिया होऊन गेलेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्तच धरतात.

आणि औषध आहे की मग लस कशाला, हा वाद पण नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत साउथ डाकोटातल्या एका हवाईदलाच्या शाळेत सैनिकांवर चार प्रकारांची लस वापरून पाहिली, १९४५ ला निकाल आला, छान चालली. पण तेवढ्यात पेनिसिलिन आलं. सगळे म्हणाले आता गोळी-इंजेक्शन आहे, टोचायचं कशाला, आणि तेव्हाच्या लशी गिऱ्हाईक नाही म्हणून बाजारातून गेल्या. रॉबर्ट ऑस्ट्रियन नावाचे एक डॉक्टर होते, ते मात्र पेशंटच्या फायली घेऊन बसले आणि १९६४ ला त्यांनी दाखवलं की जे पहिल्या पाच दिवसांत जातात त्यांना पेनिसिलिन पण वाचवत नाही, आजार इतका पुढे गेलेला असतो. मग परत लशीचं काम सुरू, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या मजुरांवर ट्रायल, १९७७ ला १४ प्रकारांची आणि १९८३ ला २३ प्रकारांची लस आली. आपल्याकडे तर अजून एक भानगड, खोकला झाला की मेडिकलमधून तीन दिवसांची अझिथ्रो (अँटिबायोटिक) आणून खायची, आणि या जंतूने असल्या गोळ्यांना दाद न देणं आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

मेडिकलवाला ज्या दोन म्हणतो त्या अशा. एक ती २३ वाली, तिच्यात आवरणाची नुसती साखर असते. नुसत्या साखरेने शरीर जागं होतं पण लक्षात ठेवत नाही, काही वर्षांत असर ओसरतो. रक्तात उतरणाऱ्या वाईट आजारावर ती उपयोगी पडते, साध्या न्यूमोनियावर किती याबद्दल अभ्यास एकमेकांशी भांडतात, जपानमध्ये वृद्धाश्रमातल्या लोकांवर केलेल्या ट्रायलमध्ये चांगला फायदा दिसला, सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर तेवढा पक्का दिसत नाही. दुसरी १३ किंवा २० वाली, तिच्यात तीच साखर एका प्रोटीनला जोडलेली असते, त्यामुळे शरीर ती नीट ओळखतं आणि लक्षात ठेवतं. कॅपिटात दिलेली हीच, १३ वाली. आकडा मोठा म्हणून २३ वाली भारी असं मेडिकलच्या काउंटरवर वाटतं, पण तसं नाही. सहसा आधी जोडलेली देतात, २० वाली मिळाली तर एका डोसात काम झालं, १३ वाली घेतली तर वर्षभराने २३ वाली. प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर हे अंतर कमी ठेवतात. आधी चुकून २३ वाली घेऊन झाली असेल तर दुसरीसाठी वर्षभर थांबतात. आण्णांच्या डॉक्टरांना त्यांची फाईल दाखवूनच ठरवा, किडनीचे रिपोर्ट, शुगर, आधी काही टोचलंय का. जोडलेली लस महाग आहे, काही हजारांत जाते, ते खोटं बोलून लपवत नाही. आणि घेताना मेडिकलवरून पिशवीत घालून घरी आणून फ्रीजच्या दारात ठेवू नका, ती २ ते ८ डिग्रीत लागते आणि गोठलेली चालत नाही, सरळ जिथे टोचणार तिथेच घ्यायला सांग.

भावाचा मुलगा अडीच वर्षांचा आहे ना, त्याचं लसीकरणाचं कार्ड काढ. त्यात पीसीव्ही लिहिलेलं असेल, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तीन डोस. ती याच जंतूची लस आहे, २०२१ पासून देशभर सरकारी मोफत, आणि त्यातली एक तर आपल्या पुण्यातच बनते, दहा प्रकारांची. म्हणजे कंपन्यांचा धंदा म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या पोराला तीच टोचून घेतलीय, छान केलं, आणि त्याने आण्णांचं पण नकळत भलं केलंय. कारण हा जंतू राहतो तो लहान मुलांच्या नाकात. शेंबडा नातू आजोबांच्या कुशीत झोपतो, आजोबा त्याचं नाक स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसतात, असं ते फिरतं. अमेरिकेत मुलांना टोचायला लागल्यावर न टोचलेल्या म्हाताऱ्यांमधला आजार पण खाली आला होता. थंडीने न्यूमोनिया होतो हे मात्र डोक्यातून काढ, निफाडची थंडी कुप्रसिद्ध आहे, मान्य, पण थंडी जंतू तयार करत नाही. पहाटे चारला बागेत शेकोट्या पेटवून धुरात उभं राहणं, घरात सगळे दारं लावून एकमेकांच्या तोंडावर खोकणं, आधी साधा फ्लू होऊन श्वासनळीचं अस्तर सोललं जाणं, याने त्याला वाट मिळते. १९१८ च्या साथीत गेलेल्यांतले बरेचसे फ्लूच्या मागून आलेल्या असल्याच जंतूंनी गेले होते. म्हणून फ्लूची लस दरवर्षी, ती आणि ही एकाच दिवशी दोन हातांत घेतली तरी चालते.

आता माझं सांगते, कारण तुला उपदेश करून मी मोकळी होतेय असं नको वाटायला. माझे वडील सिन्नरला राहायचे, मास्तर, रिटायर होऊन खूप वर्षं झालेली, ७६ चे. पेशंटला लस लिहून द्यायची आणि वडिलांना म्हणायचं दिवाळीनंतर घेऊ, अशा तीन दिवाळ्या गेल्या. डिसेंबरात एका सकाळी गेले तर सदऱ्याची बटणं एक घर खाली लावलेली, आणि मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली, ती जाऊन वीस वर्षं झाली होती. ताप नाही, खोकला नाही. मी म्हटलं शुगर उतरली असेल, साखरपाणी दिलं, मशीन लावून पाहिलं तर शुगर ठीक. मग दहा मिनिटं मी डॉक्टर असून नुसती बसले होते, आईशी बोलत. शेवटी शालीकडे लक्ष गेलं, ती किती भराभर वरखाली होतेय. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ३४. अकराव्या दिवशी ते गेले. आणि कुठला जंतू होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, कफाच्या कल्चरमध्ये काही उगवलंच नाही. म्हणजे लस दिली असती तर वाचले असते असं मी तुला म्हणू शकत नाही, कुणी म्हणू शकणार नाही. फक्त त्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसायची वेळ माझ्यावर मी आणली, एवढंच मला माहीत आहे.

म्हणून लस घेतली तरी हे लक्षात ठेव, म्हाताऱ्या माणसाला हुडहुडी, गंजाच्या रंगाचा कफ, श्वास घेताना बरगडीत कळ, हे सगळं येईलच असं नाही. बरळणं, जेवण सोडणं, पडणं, एवढंच असू शकतं. श्वास मोज, पूर्ण एक मिनिट, तिशीकडे गेला तर फोन करून विचारत बसू नकोस, गाडी काढ. हे वहिनीला शिकव, भावाला नाही, घरात आण्णांकडे दिवसभर तीच बघते ना.

बोलण्याचं म्हणशील तर लग्न होऊन गेलेली मुलगी वगैरे सोड, नऊ दिवस हॉस्पिटलचा डबा तुझ्याच घरून गेला असेल. पण भावाला चूक ठरवून जाऊ नकोस, चारचौघांत तर नाहीच. त्याला म्हण, तू वाचलंस ते बरोबर आहे, मृत्यू कमी दिसले नाहीत, पण रक्तात उतरणारा प्रकार चारात तीन कमी झाला, आणि आपल्याला आयसीयूचं बिल आठवतंय. एवढ्यावर तो गप्प बसला तरी पुरे, हो म्हणायची गरज नाही.

आण्णांना हॉस्पिटल म्हणू नकोस. छाटणीआधी औषधं-खतं घ्यायला नाशिकला येतीलच, त्याच फेरीत उरकून टाक, टोचून अर्धा तास तिथे बसायचं आणि घरी. ताप असेल त्या दिवशी नको. लशीत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे लशीने न्यूमोनिया झाला असं कुणी म्हटलं तर हसून सोड. एक-दोन दिवस दंड ठणकेल, थोडी कणकण येईल, आणि त्यावरून लसच वाईट असा बभ्रा गावभर होईल, म्हणून टोचणाऱ्या सिस्टरना आधीच सांगून ठेव, छाटणीची कात्री ज्या हातात धरतात तो सोडून दुसऱ्या दंडात द्या.